उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत : नाशिक जिल्ह्यात सामुदायिक आरोग्यसेवेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका किंवा एखाद्या वस्तीतले कुटुंबाचे डॉक्टर म्हणून जे या जिल्ह्यात नव्याने काम सुरू करतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचे वैद्यकीय ज्ञान कामापुरते पक्के असते. काम बिघडते ते रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना. आशाताईने घरात पाहिलेली गोष्ट सिस्टरपर्यंत पोहोचत नाही, सिस्टरने रजिस्टरमध्ये लिहिलेले डॉक्टरांच्या वाचनात येत नाही, आणि सिव्हिलमध्ये बदललेल्या गोळ्या गावातल्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. म्हणून पुढच्या पायऱ्या रोगांच्या क्रमाने मांडलेल्या नाहीत. काम हातात घेताना ज्या क्रमाने त्यांची गरज पडते, त्या क्रमाने त्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : कोण कोणाच्या हाताखाली आहे ते समजून घेणे

कागदावरची रचना सोपी आहे. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये, आणि सर्वांत वर जिल्हा रुग्णालय, म्हणजे ज्याला सारा जिल्हा सिव्हिल म्हणतो ते. प्रत्यक्षात मात्र या सगळ्यांचा मालक एक नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले, नाशिक आणि मालेगाव शहरांतले दवाखाने त्या त्या महापालिकेचे, अंगणवाडी एकात्मिक बालविकास सेवेची आणि आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. पेठ तालुक्यातल्या एकाच मुलाचे वजन अंगणवाडीत, लसीकरण उपकेंद्रात, शालेय तपासणी फिरत्या पथकाकडे आणि आजारपण ग्रामीण रुग्णालयात नोंदले जाते, आणि या नोंदी एकमेकींना आपोआप भेटत नाहीत. त्या भेटवून देणे हे तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसले, तरी तुमचेच काम आहे.

त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात कार्यक्रमांची परिपत्रके वाचण्यापेक्षा माणसे भेटावीत. आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, आरोग्य सेविका म्हणजे सिस्टर, आरोग्य सेवक, अंगणवाडीताई, औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन, क्षयरोगाचे काम पाहणारे पर्यवेक्षक आणि १०८ गाडीचे चालक, यांच्यापैकी प्रत्येकाबरोबर त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसावे. विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत : गावातले लोक आपल्याकडे येण्याचे केव्हा टाळतात, कोणत्या घरात शिरायला तुम्हाला अवघड जाते, आणि आधीच्या साहेबांच्या किंवा मॅडमच्या काळात कोणती गोष्ट नीट चालत होती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐकावे. नवा अधिकारी येतो आणि चालू असलेली चांगली पद्धत नकळत मोडतो, असे सर्रास घडते.

आशाताईंच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. त्या पगारी कर्मचारी नाहीत. त्यांना कामानुसार मोबदला मिळतो, आणि तो बऱ्याचदा उशिरा मिळतो. त्यांना फायली आणायला पाठवणे, शिबिरात खुर्च्या लावायला सांगणे किंवा बैठकीत सर्वांसमोर बोलणे हे अपमानकारक तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे, कारण घरात काय चालले आहे हे सांगणारी ती एकच व्यक्ती असते. तिला ताई म्हणावे, सिस्टरना सिस्टर आणि वयाने मोठ्या मदतनिसांना मावशी. आणि त्यांच्या कामात चूक दिसली तर ती रुग्णासमोर न दाखवता नंतर बाजूला घेऊन सांगावी.

दुसरी पायरी : घरभेट, आणि ताटात काढलेली औषधे

आशाताईच्या घरभेटींचे वेळापत्रक ठरलेले आहे. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झाली असेल तर यांत पहिल्या दिवसाची भर. पुढे बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना पुन्हा भेटी. तीस वर्षांवरील प्रत्येकाची जोखीम तपासणारा फॉर्मही तीच भरते, आणि त्यात चारपेक्षा जास्त गुण आले की त्या व्यक्तीला असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी प्राधान्याने आणायचे असते. नव्या अधिकाऱ्याने या भेटींपैकी काहींना तिच्याबरोबर जावे, पण तपासणीस म्हणून जाऊ नये. बोलणे तिला करू द्यावे, आणि आपण घर पाहावे.

घरात पाहण्यासारखी सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे औषधे. घरातल्या सगळ्यांची सगळी औषधे, फडताळातली, उशाखालची, पिशवीतली, एका ताटात काढायला सांगावीत. दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या एकत्र कुटुंबाचे ताट कसे दिसते ते पाहा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या आहेत. एक आरोग्य केंद्रातली, दुसरी वणीच्या खासगी दवाखान्यातली. नावे वेगळी, वेष्टने वेगळी, पण दोन्हींच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ॲम्लोडिपिनच लिहिलेले आहे, आणि आजी दोन्ही घेतात, कारण दोन्ही डॉक्टर चांगले आहेत. त्यांचे पाय सुजतात. त्या सुजेसाठी तिसऱ्या ठिकाणाहून आणलेली लघवीची गोळीही त्याच ताटात आहे.

थोरल्या सुनेला क्षयरोगाचे उपचार सुरू आहेत. तिचे नाव क्षयरोगाच्या यादीत आहे. ती पाळणा लांबवण्यासाठी माला-एन गोळ्याही घेते. तिचे नाव सिस्टरच्या कुटुंब नियोजनाच्या रजिस्टरमध्ये आहे. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो हे दोन्ही खात्यांतल्या माणसांनी शिकलेले असते, पण दोन रजिस्टरे एकत्र उघडली जात नाहीत तोवर ते ज्ञान कोणाच्याच कामी येत नाही. धाकटी सून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत आहे आणि तिची पाळी चुकली आहे. गर्भारपणात हे औषध चालत नाही. ते बंद करून दुसरे सुरू करावे लागते. पाळी चुकल्याचे सर्वांत आधी कळते ते आशाताईला, आणि औषध बदलण्याचा अधिकार असतो डॉक्टरांना. या दोघांमध्ये एका फोनचे अंतर असते, आणि तो फोन व्हावा यासाठी आशाताईला हे कळलेले असायला हवे की बीपीची गोळी चालू असलेल्या बाईची पाळी चुकली तर ती बातमी त्याच दिवशी सांगायची असते.

तेव्हा घरभेटीनंतर करायचे काम असे : ताटातल्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि ते कोणी दिले हे कुटुंबाच्या नोंदवहीत लिहावे, आणि त्यातली एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे ठेवावी, जो रुग्णाबरोबर दवाखान्यात जातो. कोणतेही औषध त्या क्षणी घरात बसून बंद करायला लावू नये, जोवर त्याने तत्काळ धोका नसेल. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून मग बदलावे. आजींच्या दोन पट्ट्यांपैकी कोणती ठेवायची हे वणीच्या डॉक्टरांना विचारून ठरले, तर ती पट्टी पुढेही टिकते. न विचारता ठरवले तर आजी पुढच्या महिन्यात पुन्हा दोन्ही घेताना दिसतात.

तिसरी पायरी : सर्वांनी एकाच मापाने मोजणे

याविषयी थोडक्यात. रक्तदाब बसवून, पाच मिनिटे विसावा देऊन, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून घ्यावा. बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. ही मापे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहेत. गरोदर मातेचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय. हे आकडे सर्वांना पाठ असतात. तरी अंगणवाडीतला काटा आणि उपकेंद्रातला काटा एकाच बाळाचे वजन वेगळे दाखवतात, आणि मग ताई आणि सिस्टर एकमेकींच्या नोंदीवर विश्वास ठेवेनाशा होतात. महिन्यातून एकदा, ग्राम आरोग्य व पोषण दिनाच्या सकाळी, दोन्ही काटे शेजारी ठेवून ठाऊक वजनाची एकच वस्तू दोन्हींवर ठेवून पाहावी. भांडण मिटवण्याची यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

चौथी पायरी : रुग्ण पुढे पाठवणे

इथे थोडे थांबून, सावकाश वाचावे. जिल्ह्यातल्या रुग्णालयांत रोज अशा चिठ्ठ्या येतात, ज्यांवर एवढेच लिहिलेले असते : ‘रेफर टू सिव्हिल फॉर फर्दर मॅनेजमेंट’. खाली सही, तारीख, आणि शिक्का असलाच तर पुसट. ही चिठ्ठी लिहिणाऱ्याची जबाबदारी संपवते, पण ती वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. रात्री अकरा वाजता लेबर रूममध्ये असलेल्या निवासी डॉक्टरला सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते, आणि विचारायचे तरी कोणाला. बाई बेशुद्धीच्या काठावर असते आणि सोबत आलेला दीर बावरलेला असतो.

आता तीच चिठ्ठी नीट लिहिलेली कशी असते ते पाहा.

‘वय २३, दुसरे गरोदरपण, ३४ आठवडे पूर्ण. पहिले बाळंतपण साधे. आज सकाळी १० वाजता रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिने तीन प्लस, सकाळपासून डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटका आलेला नाही. बाळाचे ठोके १४२. हिमोग्लोबिन ८.२ (मागच्या आठवड्यातले), रक्तगट बी पॉझिटिव्ह. १०.२० वाजता मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत स्नायूत दिला, १०.३० वाजता रक्तदाबाचे औषध दिले, लघवीची नळी घातली. १०.५० वाजता १०८ मधून रवाना, सोबत सिस्टर आणि सासू. पुढे हवे आहे : स्त्रीरोगतज्ज्ञांचे मूल्यमापन, प्रसूतीचा निर्णय, रक्ताची आणि नवजात शिशू कक्षाची सोय.’

यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी उपयोगाचा आहे. डोसची वेळ लिहिली नाही, तर पुढचा डॉक्टर एक तर तो डोस पुन्हा देतो, नाही तर दिलाच असेल म्हणून पुढचाही देत नाही, दोन्ही वाईट. पुढे काय हवे आहे ते शेवटी स्पष्ट मागितल्याने वाचणाऱ्याला लगेच कळते की ही बाई ओपीडीच्या रांगेतली नाही. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जो पहिला उपचार देता येतो, तो देऊनच पाठवायचे. झटक्यांचा धोका असलेल्या मातेला मॅग्नेशियम सल्फेट, रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीला गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध आणि शिरेतून सलाईन, हे गाडी येईपर्यंतच्या वेळात व्हायला हवे. पेठहून निघालेली गाडी सावळघाटातून नाशिकला पोहोचेपर्यंत बाई कोणाच्याच ताब्यात नसते, आणि घाटात फोन लागेलच असे नाही.

चिठ्ठी लिहून झाली की फोन करावा. फोनवर बोलण्याचा क्रम ठरवून ठेवला तर घाबरलेल्या माणसालाही नीट बोलता येते : आपण कोण व कुठून, रुग्णाला आत्ता काय होत आहे, मागची महत्त्वाची माहिती कोणती, आपण काय दिले, आपल्या मते काय झाले आहे, आणि समोरच्याकडून काय हवे आहे. ऐकणाऱ्याला मुख्य आकडे एकदा म्हणून दाखवायला सांगावे. फोन कोणी घेतला, त्यांचे नाव आणि वेळ चिठ्ठीवरच टिपून ठेवावी. समोरून ‘इथे बेड नाही, पाठवू नका’ असे उत्तर आले, तर वाद न घालता त्यांनाच विचारावे की मग कुठे पाठवू, आणि त्याच वेळी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे. कोणत्या आजारासाठी कुठे पाठवायचे याची यादी आधीच भिंतीवर लावलेली असावी. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांना हरसूलचे ग्रामीण रुग्णालय जवळचे, कळवण-सुरगाण्याकडच्या काही गावांना कळवणचे उपजिल्हा रुग्णालय सोयीचे, मालेगाव भागाला तिथलेच सामान्य रुग्णालय, आणि हृदय, मूत्रपिंड यांसारख्या विशेष उपचारांसाठी शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय. सुरगाण्याच्या सीमेवरची कुटुंबे अडीअडचणीला गुजरातच्या धरमपूर बाजूला जातात. ते नाकारण्यात अर्थ नाही, तिथून आणलेले कागद आपल्या नोंदीत उतरवून घेण्यात अर्थ आहे.

गाडीचेही तसेच. तातडीच्या रुग्णासाठी १०८, गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ पासून आहे, मातेला रुग्णालयात नेण्याबरोबर घरी परत सोडण्याचीही मोफत सोय आहे, पण परतीची गाडी मागावी लागते हे कित्येक कुटुंबांना ठाऊकच नसते. डिस्चार्जच्या दिवशी बाळाला घेऊन एस. टी.च्या गर्दीत निघालेली बाळंतीण दिसली, तर ही माहिती तिला कोणी सांगितली नाही असे समजावे.

पाचवी पायरी : रुग्ण परत येतो तेव्हा

पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची एक ओळ एका साध्या वहीत लिहावी : नाव, गाव, कुठे पाठवले, का, पोहोचला का, काय झाले, परत आल्यावर काय करायचे. शेवटचे तीन रकाने रिकामे आहेत तोवर ते पाठवणे पूर्ण झालेले नाही असे धरावे. दर आठवड्याला रिकाम्या रकान्यांच्या नावांपुढे आशाताईंच्या मदतीने चौकशी करावी. त्यातून कळते की एक जण नाशिकला गेलाच नाही, पाव्हण्यांकडे राहून परत आला. एकाला ‘उद्या या’ सांगितले आणि मुक्कामाची सोय नसल्याने तो निघून आला. एकाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारे रेशन कार्ड घरी राहिले होते. यांतले एकही कारण वैद्यकीय नाही, आणि तिन्ही कारणे पाठवण्याआधी पाच मिनिटे बोलून टाळता येण्यासारखी होती.

परत आलेल्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड त्याच्यासमोर वाचावे. बंद केलेली औषधे कोणती, नवी कोणती, पुढची तपासणी केव्हा, या तीन गोष्टी मराठीत, किंवा रुग्णाला कळेल त्या बोलीत, वेगळ्या कागदावर लिहून द्याव्यात. कोकणा किंवा महादेव कोळी आजीबाईंना कागद वाचता येत नसेल, तर सकाळच्या गोळीपुढे सूर्य आणि रात्रीच्या गोळीपुढे चांदणी काढून द्यावी. कार्डावरचे अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता ज्या वॉर्डाने ते दिले त्यांना विचारावे.

माहेरपणाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि आरोग्य यंत्रणेची नोंद सासरी असते. पंचवटीत महापालिकेच्या दवाखान्यात नाव घातलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात निफाडला आईकडे जाते. सासरच्या आशाताईच्या यादीत ती ‘बाहेरगावी’ होते आणि माहेरच्या आशाताईच्या यादीत ती असतच नाही. म्हणजे ज्या काळात धोका सर्वांत जास्त, त्याच काळात ती कोणाच्याच यादीत नसते. यावर उपाय असा की सहाव्या महिन्यातल्या तपासणीलाच माहेरचे गाव, तिथल्या उपकेंद्राचे नाव आणि आईचा फोन नंबर माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा, आणि मुलगी निघण्याआधी सासरच्या सिस्टरने माहेरच्या सिस्टरला स्वतः फोन करावा. त्या फोनवर हिमोग्लोबिन, रक्तदाब, रक्तगट आणि आधीची गुंतागुंत एवढे सांगितले तरी पुरते. बाळ झाल्यावर उलट दिशेने तसाच फोन व्हावा, नाही तर सव्वा महिन्यानंतर सासरी आलेल्या बाळाची पुढची लस कोणाची, यावर दोन उपकेंद्रे एकमेकांकडे बोट दाखवतात.

सहावी पायरी : द्राक्षबागांबरोबर फिरणारी कुटुंबे

नाशिकमध्ये काम करणाऱ्याने पिकांचे वेळापत्रक लसीकरणाच्या वेळापत्रकाइतकेच नीट लक्षात ठेवावे. एप्रिलमधली खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, मग विरळणी आणि जानेवारीपासूनची काढणी, या प्रत्येक वेळी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबे निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागांत उतरतात. काही जण पहाटे शहरातल्या पेठ नाका, दिंडोरी नाका परिसरात मजुरीसाठी उभे असतात. पाड्यावर गेल्यावर घराला कडी दिसली की नोंदीत ‘स्थलांतरित’ लिहून पुढे जाणे सोपे असते. पण क्षयरोगाचे उपचार निम्म्यावर आलेला माणूसही त्यातच असतो, आणि तीव्र कुपोषित म्हणून ग्राम बाल विकास केंद्रात दाखल केलेले मूलही.

इथे दोन्ही बाजूंनी काम आहे. ज्या गावातून लोक जातात, तिथल्या आशाताईने हंगामाआधी जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी, कोणत्या मुकादमाबरोबर आणि कोणत्या गावाकडे एवढे टिपून ठेवावे, क्षयरोगाच्या रुग्णाला काही आठवड्यांची औषधे आणि निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला त्याचा क्रमांक, सोबत द्यावा, आणि मुदत संपण्यापूर्वी नोंद पुढच्या क्षेत्राकडे वर्ग करून घ्यावी. ज्या गावात लोक येतात, तिथल्या सिस्टरने बागांच्या कडेच्या झोपड्या आपल्या लोकसंख्येत धराव्यात, मग त्यांचे मतदान कुठेही असो. बागायतदारांशी ओळख ठेवावी. सकाळी सात ते दहा कामाची घाई असते, तेव्हा लसीकरणाला माणसे मिळत नाहीत, पण संध्याकाळी सहानंतर मिळतात. सकाळच्याच वेळेचा हट्ट धरला की टक्केवारी घसरते आणि दोष मजुरांच्या माथी मारला जातो, हे मला पटत नाही.

बागांतला आणखी एक धोका कीटकनाशकांचा. फवारणी करणाऱ्याला घाम, उलट्या, तोंडातून लाळ, श्वासाला घरघर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर तो उन्हाचा त्रास समजू नये. हातमोजे घालून त्याचे कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, श्वासमार्ग मोकळा ठेवावा, ॲट्रोपिन सुरू करून पुढे पाठवावे, आणि औषधाची बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो सोबत द्यावा. बाटली आणायला मालक टाळाटाळ करतो, कारण त्याला पोलिसांची भीती वाटते. बाटलीवरून उपचार ठरतो हे त्याला शांतपणे समजावून सांगावे लागते.

सातवी पायरी : खासगी डॉक्टर, औषध दुकानदार, भगत आणि दाई

सरकारी माणसाने खासगी डॉक्टरांकडे स्पर्धक म्हणून पाहणे आणि खासगी डॉक्टरांनी सरकारी माणसाला कागदी घोडा समजणे, दोन्ही या जिल्ह्यात पुष्कळ दिसते. तालुक्याच्या गावातले डॉक्टर रात्री दोन वाजता दार उघडतात, उधारीवर तपासतात, आणि कुटुंबाच्या तीन पिढ्या त्यांना ठाऊक असतात. रुजू झाल्यावर त्यांच्या दवाखान्यात त्यांच्या फावल्या वेळी स्वतः जाऊन भेटावे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, पण पहिल्याच भेटीत कायदा दाखवू नये. त्याऐवजी आपण काय देऊ शकतो ते सांगावे : मोफत थुंकी तपासणी, मोफत औषधे, पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात थेट जमा होणारे दरमहा १,००० रुपये, घरातल्यांची तपासणी आणि प्रतिबंधक उपचार, आणि रुग्ण त्यांचाच राहील ही हमी. त्यांचा रुग्ण आपल्याकडे आला तर काय सापडले ते चिठ्ठीने कळवावे. अशा दोन-चार चिठ्ठ्या गेल्या की तिकडूनही येऊ लागतात.

भगताकडे जाणे बंद करा असे सांगून कोणी ऐकत नाही. त्याला ओळखावे, बसून बोलावे, आणि एवढीच विनंती करावी की साप चावलेला माणूस, झटका आलेली गरोदर बाई, आणि दूध ओढेनासे झालेले तान्हे बाळ आले, तर आधी गाडी बोलवावी आणि जे करायचे ते गाडी येईपर्यंत करावे. तसे करणारे भगत आहेत. जुन्या दायांचेही ज्ञान मोडीत काढू नये. बाळंतीण कोणाचे ऐकते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आठवी पायरी : काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही

सहकार्य म्हणजे सर्वांना सर्व सांगणे, असा अर्थ नव्याने आलेले लोक घेतात, आणि त्याला व्हॉट्सॲप ग्रुपांनी हातभार लावला आहे. रुग्णाच्या नावासह रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला की तो तालुक्यातल्या पन्नास-साठ जणांच्या फोनमध्ये जातो, आणि त्यातला एखादा जण त्याच गावचा असतो. नियम साधा ठेवावा : ज्याला त्या रुग्णासाठी काही करायचे आहे त्यालाच, आणि त्याला करायला लागेल तेवढेच सांगायचे. ग्रुपवर नाव नाही, फोटो नाही. व्यक्तिगत फोनवर किंवा बंद पाकिटात. एचआयव्हीची माहिती व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करणे २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते, आणि मानसिक आजाराच्या रुग्णालाही त्याच वर्षीच्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मन अस्वस्थ असलेल्या व्यक्तीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे आपली ओळख गावात फुटण्याची भीती राहत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हे आणखी जपावे लागते. आश्रमशाळेत केलेली विद्राव्यता ही प्राथमिक रक्तचाचणी सकारात्मक आली, एवढ्यावरून ती मुलगी वाहक आहे की रुग्ण हे कळत नाही. पुढची निश्चिती चाचणी व्हावीच लागते. मधल्या काळात ‘तिला सिकलसेल आहे’ असे कोणी म्हणाले तर त्या एका वाक्याने तिची सोयरीक मोडू शकते. अहवाल आल्यावर पालकांना वेगळे बसवून वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगावा, आणि आपल्याकडच्या यादीत दोघांचे रकाने वेगळे ठेवावेत.

जिथे कायद्याने सांगणे भाग आहे, तिथे मात्र लपवता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि अल्पवयीन मुलगी गरोदर अवस्थेत आली की हा प्रश्न लगेच उभा राहतो. असे प्रकरण एकट्या आशाताईच्या किंवा सिस्टरच्या अंगावर टाकू नये. तिला त्याच गावात राहायचे असते. वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः पुढे होऊन, कळवणे आपल्या सहीने करावे. मुलीचे उपचार त्या कागदासाठी थांबवू नयेत.

नववी पायरी : बैठक

प्राथमिक आरोग्य केंद्राची मासिक बैठक म्हणजे बहुतेक वेळा आकड्यांचे वाचन असते, आणि तिथे लक्ष्य पूर्ण न झालेल्यांनी मान खाली घालायची असते. ती रचना एकदम बदलता येत नाही. पण शेवटची वीस मिनिटे राखून ठेवता येतात, ज्यात एकाच कुटुंबाची हकीकत नाव न घेता मांडली जाते : पहिल्यांदा कोणाला काय दिसले, ते कोणाला सांगितले, कुठे अडले. सुरुवात सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने करावी, डॉक्टरांनी शेवटी बोलावे. उलट केले की बाकीचे गप्प बसतात.

शेवटची पायरी : कार्यभार सोपवताना

कंत्राट संपते, बदली होते, पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळते. दुर्गम तालुक्यांत माणसे फार काळ टिकत नाहीत, आणि प्रत्येक जाणाऱ्याबरोबर कुटुंबांविषयीचे न लिहिलेले ज्ञान निघून जाते. सरकारी कार्यभार यादीत कपाट, पंखा, रक्तदाब मापक, लसींचा शीतपेटीतला साठा हे सगळे येते. त्या यादीला स्वतःची दोन पाने जोडावीत. त्यांत जोखमीच्या गरोदर माता आणि त्यांच्या अपेक्षित तारखा, उपचार मध्यावर असलेले क्षयरोगी, तीव्र कुपोषित मुले, नियमित औषधे चालू असलेले पण अनियमित येणारे रुग्ण, आणि पाठवलेल्या रुग्णांच्या वहीतले रिकामे रकाने लिहावेत. कोणत्या खासगी डॉक्टरांना केव्हा फोन केलेला चालतो, कोणता मुकादम सहकार्य करतो, पावसाळ्यात कोणत्या पाड्याचा फरशी पूल पाण्याखाली जातो, हेही लिहावे. नवी व्यक्ती येईपर्यंत पद रिकामे राहणार असेल, तर ही पाने सिस्टरकडे द्यावीत, त्यांची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ठेवावी, आणि जाण्याआधी जोखमीच्या यादीतल्या घरांना सिस्टरबरोबर एकदा जाऊन यापुढे कोणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या कार्डावर लिहून द्यावा.